टक्क्यांआधी दवबिंदू : पर्यावरणीय चाचणी कक्षातील प्रशीतन आणि आर्द्रता-नियंत्रण

पर्यावरणीय चाचणी कक्ष म्हणजे जाड उष्णतारोधक भिंतींची आणि आतून स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याने मढवलेली एक बंदिस्त पेटी असून, तिच्यात ठेवलेल्या वस्तूला ठरवून दिलेले तापमान आणि ठरवून दिलेली आर्द्रता ठरलेल्या काळापर्यंत सोसावी लागते. मोटारीच्या इंजिनाशेजारी बसणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, वर्षानुवर्षे उन्हापावसात राहणारे सौर पॅनेल, औषधी गोळ्यांची पट्टी, विजेचा मीटर, लष्करी बिनतारी संच अशा नाना वस्तूंच्या टिकाऊपणाची परीक्षा याच पेटीत होते. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया किंवा मुंबईतील इलेक्ट्रॉनिक्स रीजनल टेस्ट लॅबोरेटरी यांसारख्या संस्थांपासून चाकणच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांपर्यंत हे कक्ष रात्रंदिवस चालू असतात आणि तेथील माणसे त्यांना नुसते ‘चेंबर’ म्हणतात. असा कक्ष निवडणाऱ्या, चालवणाऱ्या किंवा त्यातून निघालेला अहवाल वाचणाऱ्या व्यक्तीला त्याच्या पोटात काय चालते याची जाण असेल, तर चाचण्यांतील कितीतरी गोंधळ आधीच टळतात.

कक्षाच्या पडद्यावर तापमान आणि सापेक्ष आर्द्रता असे दोन आकडे शेजारीशेजारी दिसत असल्यामुळे ही दोन स्वतंत्र बटणे आहेत, एक फिरवले तरी दुसरे जागच्या जागी राहील, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात आर्द्रतेचे नियंत्रण हे फार काटेकोर तापमान-नियंत्रणच असते, कारण बंद कक्षातील हवेत किती पाणी राहू शकेल हे त्या कक्षातील सर्वांत थंड पृष्ठभाग ठरवतो. हे सूत्र हाती ठेवले की पुढील बहुतेक गोष्टी आपोआप उलगडत जातात.

प्रथम प्रशीतनाकडे वळावे. चाचणी कक्षात घरच्या फ्रिजप्रमाणेच बाष्प-संपीडन चक्र काम करते आणि त्यात कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि इव्हॅपोरेटर, म्हणजेच कक्षातील शीतक कॉइल, असे चार मुख्य भाग असतात. द्रवरूप प्रशीतक, ज्याला बोलीत ‘गॅस’ म्हणतात, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून कमी दाबाच्या कॉइलमध्ये शिरतो आणि तेथे उकळू लागतो. उकळण्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा तो कॉइलवरून वाहणाऱ्या हवेकडून घेतो आणि त्यामुळे हवा थंड होते. बाष्प झालेला हा प्रशीतक कॉम्प्रेसर ओढून घेतो, त्याचा दाब आणि तापमान वाढवतो, आणि कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता खोलीतील हवेला किंवा कूलिंग टॉवरच्या पाण्याला देऊन त्याचा पुन्हा द्रव होतो. कॉइल किती थंड होईल हे तेथील दाबावर अवलंबून असते, कारण दाब जितका कमी तितक्या कमी तापमानाला प्रशीतक उकळतो. आर-१३४ए हा प्रशीतक वातावरणीय दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो, आर-४०४ए सुमारे उणे ४६ अंशांना आणि आर-२३ सुमारे उणे ८२ अंशांना. यापुढील सर्व तापमाने सेल्सिअसमध्येच आहेत.

एकाच कॉम्प्रेसरने हवे तेवढे खोल का जाता येत नाही, हे आकड्यांतून स्पष्ट होते. आर-४०४ए वापरणारे यंत्र उणे ४० अंशांवर उष्णता उचलून ४५ अंशांच्या कंडेन्सरमध्ये टाकत असेल, तर कॉम्प्रेसरला दाब सुमारे १५ पट वाढवावा लागतो. कॉइल आणखी १५ अंशांनी थंड केली, तर तेथील दाब वातावरणाच्या दाबाखाली जातो आणि हे गुणोत्तर ३० च्या आसपास पोहोचते. दरम्यान ओढला जाणारा बाष्प इतका विरळ झालेला असतो की कॉम्प्रेसरच्या प्रत्येक फेरीत फारच थोडा प्रशीतक पुढे सरकतो, बाहेर पडणारा वायू मात्र इतका तापतो की वंगणाचे तेल जळू लागते. त्यामुळे एकपदरी यंत्रणेच्या कक्षाची मर्यादा साधारण उणे ३५ ते उणे ४० अंशांवर येऊन थांबते, आणि उणे ७० अंशांचा दावा करणाऱ्या कक्षात दोन यंत्रणा एकीवर एक रचलेल्या असतात. या रचनेला कॅस्केड म्हणतात.

कॅस्केड यंत्रणेत वरच्या टप्प्यात आर-४०४ए किंवा त्याच्या जागी आलेला एखादा पर्याय असतो आणि खालच्या टप्प्यात आर-२३ किंवा आर-५०८बी. या दोन प्रशीतकांची गाठ कॅस्केड कंडेन्सर नावाच्या उष्णता-विनिमयकात पडते, जेथे वरच्या टप्प्याचा प्रशीतक उणे ३० ते उणे ३५ अंशांच्या आसपास उकळत असतो आणि त्याच थंडाव्यावर खालच्या टप्प्याचा बाष्प द्रवरूप होतो. उणे ८० आणि उणे ३५ या दोन तापमानांदरम्यान आर-२३ च्या कॉम्प्रेसरला दाब सात-आठ पटच वाढवावा लागतो, त्यामुळे काम दोन कॉम्प्रेसरांत सोसेल इतके वाटले जाते. खालचा टप्पा थेट खोलीच्या हवेने थंड करण्याचा विचारही करता येत नाही, कारण आर-२३ चे क्रांतिक तापमान सुमारे २६ अंश आहे आणि त्याहून गरम असताना तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. यंत्र बंद करून कक्ष खोलीच्या तापमानाला आला की या टप्प्यातील सगळा प्रशीतक वायुरूप होतो, आणि तो सामावून दाब आटोक्यात ठेवण्यासाठी यंत्राच्या मागे एक रिकामी टाकी जोडलेली असते.

यातून वापरकर्त्यासाठी एक व्यावहारिक नियम निघतो. कक्षाला उणे ७० अंशांचा आदेश दिल्यावर आधी वरचा टप्पा सुरू होतो आणि कॅस्केड कंडेन्सर पुरेसा थंड झाल्यावरच खालचा कॉम्प्रेसर सुरू होतो; ही काही मिनिटांची वाट म्हणजे यंत्रातील बिघाड नव्हे. वीज जाऊन लगेच आली, तर दाब समान होण्याआधी कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होऊ नये म्हणून नियंत्रकात वेळेची अट घातलेली असते, आणि घाईगर्दीत ती अट काढून टाकणे, किंवा उच्च दाबाच्या संरक्षक स्विचला पुन्हापुन्हा रीसेट करत राहणे, हा कॅस्केड यंत्रणा निकामी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

कक्ष निवडताना किमान तापमानाच्या आकड्याइतकेच महत्त्व त्या तापमानाला यंत्र किती उष्णता उचलू शकते याला द्यावे, कारण तापमान जसजसे खाली जाते तसतशी शीतनाची क्षमता झपाट्याने घटते. २० किलो ॲल्युमिनियमचे भाग ८५ अंशांवरून उणे ४० अंशांपर्यंत मिनिटाला ५ अंश या वेगाने न्यायचे असतील, तर केवळ त्या धातूतून २५ मिनिटांत सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता काढावी लागते, म्हणजे सलग दीड किलोवॅट. त्यात कक्षाच्या आतील पत्र्याची, पंख्याची आणि चालू स्थितीत तपासल्या जाणाऱ्या उपकरणाची उष्णता वेगळी. माहितीपत्रकातील वेग बहुधा रिकाम्या कक्षाचा असतो. म्हणून खरेदीपूर्वी स्वतःच्या नमुन्याचे वजन, धातू आणि विजेचा वापर कळवून भरलेल्या कक्षाचा वेग लेखी मागावा.

आता आर्द्रतेकडे. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेतील पाण्याच्या बाष्पाचा प्रत्यक्ष दाब आणि त्याच तापमानाला शक्य असलेला कमाल, म्हणजे संपृक्त, बाष्पदाब यांचे शेकड्यातील प्रमाण. संपृक्त बाष्पदाब तापमानाबरोबर फार वेगाने वाढतो : १० अंशांना तो सुमारे १२ हेक्टोपास्कल, २५ अंशांना ३२, ४० अंशांना ७४ आणि ८५ अंशांना तब्बल ५७८ असतो. हवेतील पाणी तेच राहिले आणि तापमान तेवढे बदलले तरी टक्का बदलतो, म्हणून टक्क्यावरून हवेत पाणी किती आहे हे कळत नाही. ते कळते दवबिंदूवरून, म्हणजे ज्या तापमानापर्यंत ती हवा थंड केली असता तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानावरून. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याच्या अंगावर बाहेरून थेंब धरतात, तेव्हा तांब्याचा पृष्ठभाग खोलीतील हवेच्या दवबिंदूखाली गेलेला असतो, आणि चाचणी कक्षात प्रत्येक थंड कोपऱ्यावर हेच घडायला टपलेले असते.

नेहमीच्या चाचण्या दवबिंदूच्या भाषेत मांडल्या की त्यांचे खरे रूप दिसते. औषधांच्या स्थिरतेच्या वेगवर्धित चाचणीत ४० अंश आणि ७५ टक्के ही स्थिती सहा महिने राखावी लागते आणि तिचा दवबिंदू सुमारे ३४.७ अंश आहे. ३० अंश आणि ७५ टक्के या स्थितीचा दवबिंदू २५ अंश, म्हणजे मुंबईच्या भर पावसाळ्यातील बाहेरच्या हवेइतकाच. सौर पॅनेलांना आणि इलेक्ट्रॉनिक घटकांना १,००० तास सोसावी लागणारी ८५ अंश व ८५ टक्क्यांची प्रसिद्ध चाचणी सुमारे ८१ अंशांच्या दवबिंदूवर चालते. त्या स्थितीत एक घनमीटर हवेत जवळपास ३०० ग्रॅम बाष्प असते, आणि कक्ष २५ अंशांपर्यंत थंड केला तर त्यातील पाव किलोहून अधिक पाणी कोठे ना कोठे टिपकणारच असते.

यातून पुढचा आणि कदाचित सर्वांत उपयोगी हिशेब निघतो. ४० अंश व ९३ टक्क्यांच्या दमट उष्णतेच्या चाचणीत दवबिंदू साधारण ३८.६ अंश असतो, म्हणजे भिंतीचा, दरवाजाच्या काचेचा किंवा वायरींच्या छिद्राजवळचा एखादा भाग केवळ दीड अंशाने थंड असला तरी तेथे पाणी धरू लागते. याच चाचणीत कक्षाच्या एका कोपऱ्यात तापमान १ अंशाने जास्त असेल, तर हवेतील पाणी सर्वत्र सारखे असूनही त्या कोपऱ्यातील सापेक्ष आर्द्रता सुमारे ५ टक्क्यांनी कमी भरते. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या ६००६८ मालिकेतील संबंधित मानकात तापमानाला २ अंशांची आणि आर्द्रतेला ३ टक्क्यांची सूट असते, ती वाचून २ अंशांपर्यंतची विषमता चालेल असे वाटते. पण आर्द्रतेची मर्यादा पाळायची तर कामाच्या जागेतील तापमान जवळपास अर्ध्या अंशाच्या आत सारखे ठेवावेच लागते. म्हणून आर्द्रतेविषयी तक्रार आली की तंत्रज्ञाने सर्वप्रथम हवेचा प्रवाह आणि तापमानाची समानता तपासावी. वाफेच्या यंत्राकडे नंतर वळावे.

हवेतील पाणी काढण्याचे काम पुन्हा प्रशीतनाकडेच येते. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी आर्द्रता-नियंत्रणाची योजना आखली, तेव्हापासून हवा थंड पृष्ठभागावरून नेऊन तिच्यातील पाणी गाळायचे आणि मग ती हव्या तापमानापर्यंत तापवायची ही पद्धत चालत आली आहे, आणि चाचणी कक्षातही तीच वापरतात. येथे मात्र प्रशीतनाच्या दोन कामांत तेढ उभी राहते. तापमान झटपट उतरवण्यासाठी कॉइल शक्य तितकी थंड हवी असते. आर्द्रता राखताना अशी कॉइल घात करते, कारण उणे २० अंशांची कॉइल हवेतील सारे पाणी ओरबाडून स्वतःवर बर्फ म्हणून धरते, वाफेचे यंत्र तेवढेच पाणी पुन्हा हवेत ओतत राहते, आणि वीज व पाणी वाया जाऊन वर आर्द्रतेचा आलेख करवतीच्या दातांसारखा होतो. म्हणून चांगल्या कक्षात आर्द्रतेसाठी वेगळी लहान कॉइल असते किंवा मुख्य कॉइलवर दाब-नियामक झडप बसवून प्रशीतकाचा उकळण्याचा दाब वाढता ठेवतात, जेणेकरून कॉइलचा पृष्ठभाग शून्याच्या वर, साधारण २ ते ४ अंशांवर राहावा आणि पाणी गोठण्याऐवजी थेंबाथेंबाने निथळून जावे.

या २ ते ४ अंशांतच कक्षाची खालची मर्यादा दडलेली आहे. कॉइलचा पृष्ठभाग ४ अंशांवर असेल, तर कक्षातील हवेचा दवबिंदू त्याखाली जाऊ शकत नाही. त्यामुळे ४० अंशांना सुमारे ११ टक्के, २५ अंशांना सुमारे २६ टक्के आणि १० अंशांना सुमारे ६६ टक्के याहून कमी आर्द्रता त्या कॉइलने मिळणार नाही. माहितीपत्रकात ‘१० ते ९८ टक्के’ असे लिहिलेले असते, ते सर्व तापमानांना लागू नसते. त्याच पत्रकात तापमान आणि आर्द्रता यांचा एक आलेख असतो, ज्याची डावीकडची खालची कड तिरकी कापलेली दिसते. ती तिरकी कड म्हणजेच ही दवबिंदूची मर्यादा होय. १० अंशांना ४० टक्के हवे असतील, तर दवबिंदू शून्याखाली जातो, कॉइलवर बर्फ साचत जाते आणि काही तासांनी हवेचा मार्गच अडतो. अशा चाचण्यांसाठी आळीपाळीने बर्फ वितळवणाऱ्या दोन कॉइली, सिलिका जेल किंवा झिओलाइटसारख्या शोषकावर चालणारा ड्रायर, नाहीतर कोरड्या दाबित हवेचा पुरवठा घ्यावा लागतो, आणि तो खरेदीच्या वेळीच मागून घेणे स्वस्त पडते.

पाणी घालण्याची पद्धत तुलनेने सोपी आहे. कक्षाबाहेरील छोट्या बॉयलरमध्ये हीटरने पाणी उकळून वाफ सोडणे ही सर्रास वापरली जाणारी पद्धत असून ती चपळ आहे. कक्षाच्या तळाशी तापवलेल्या पाण्याचे पसरट भांडे ठेवण्याची जुनी पद्धत संथ असली तरी स्थिर असते. ध्वनिलहरींनी पाण्याचे धुके करणारे यंत्र वीज कमी खाते, परंतु धुक्याचे थेंब पाण्यातील क्षारही सोबत घेऊन नमुन्यावर बसतात, म्हणून इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत ते जपून वापरावे. पाण्याच्या दर्जाची हयगय मात्र कोणत्याच पद्धतीत करू नये. वर उल्लेखिलेल्या मानकांत पाण्याची विशिष्ट रोधकता किमान ५०० ओहम-मीटर मागितलेली आहे, म्हणजे नेहमीच्या मीटरवर वाहकता सेंटिमीटरमागे २० मायक्रोसीमेन्सच्या आत हवी. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याची वाहकता याच्या कित्येक पट असते. असे पाणी काही आठवड्यांत हीटरवर पापुद्रा धरते आणि हीटर जाळते. डीएम पाणी, म्हणजे क्षार काढलेले पाणी, वापरावे आणि बॉयलर ठरावीक काळाने रिकामा करून धुवावा. पाण्यातून थेट विद्युतप्रवाह सोडून वाफ करणारे इलेक्ट्रोड पद्धतीचे बॉयलर डीएम पाण्यावर चालतच नाहीत, कारण त्या पाण्यातून पुरेसा प्रवाह वाहत नाही. ही विसंगती खरेदीनंतर लक्षात येण्यापेक्षा आधी विचारलेली बरी.

मापनात दोन पद्धती प्रचलित आहेत. कोरड्या-ओल्या तापमापीच्या पद्धतीत एका संवेदकावर सुती वात गुंडाळून तिचे दुसरे टोक पाण्यात बुडवलेले असते. वातीतील पाण्याच्या बाष्पीभवनाने तो संवेदक थंड होतो आणि दोन तापमानांतील फरकावरून आर्द्रता काढतात. ही पद्धत विश्वसनीय असली तरी वातीवरून सेकंदाला सुमारे ३ मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने हवा वाहिली पाहिजे आणि वात मऊ, स्वच्छ व पूर्ण ओली असली पाहिजे. क्षारांनी किंवा हाताच्या तेलकटपणाने वात कडक झाली की बाष्पीभवन कमी होते, ओल्या तापमापीचे तापमान असावे त्यापेक्षा जास्त दिसते, यंत्राला आर्द्रता पुरेशी आहे असे वाटते आणि कक्ष प्रत्यक्षात कोरडा चालतो. हा दोष विशेष घातक आहे, कारण पडद्यावरचा आकडा तेव्हाही बरोबर दिसत असतो आणि नमुना मात्र सौम्य चाचणी देऊन उत्तीर्ण होतो. ४० अंश व ९३ टक्क्यांच्या चाचणीत दोन तापमापींच्या फरकात केवळ ०.२ अंशांची चूक आर्द्रतेत एक टक्क्याहून अधिक चूक घडवते, म्हणून प्रत्येक लांब चाचणीपूर्वी वात बदलणे हा खर्च मानू नये. दुसऱ्या पद्धतीतील धारिता-संवेदकात बहुलकाचा पातळ थर बाष्प शोषून आपली विद्युत धारिता बदलतो. त्याला वात लागत नाही, तो झटपट प्रतिसाद देतो, पण सतत उच्च आर्द्रतेत किंवा नमुन्यातून निघणाऱ्या रसायनांच्या वाफेत राहिल्यास त्याचे वाचन हळूहळू सरकते. त्याचे अंशांकन, म्हणजे प्रमाणित उपकरणाशी ताळा, वर्षातून एकदा तरी आवश्यक आहे. कक्षाचा स्वतःचा संवेदक एकाच जागेचे सांगतो, म्हणून दोन हजार लिटरपर्यंतच्या कक्षात आठ कोपरे आणि मध्य अशा नऊ ठिकाणी संवेदक लावून समानतेची तपासणी करतात.

चाचणी चालवताना क्रमाला फार महत्त्व आहे. स्थिर दमट उष्णतेच्या चाचणीत नमुन्यावर पाणी धरायला नको असते. पण थंड नमुना कक्षात ठेवून तापमान आणि आर्द्रता एकदमच चढवली, तर नमुना हवेच्या मागे रेंगाळतो, त्याचा पृष्ठभाग दवबिंदूखाली राहतो आणि तो चिंब होतो. म्हणून आधी तापमान चढवावे, नमुना आतपर्यंत तापू द्यावा आणि नंतरच आर्द्रता वाढवावी; उतरताना याच्या उलट, आधी आर्द्रता आणि मग तापमान. चक्रीय दमट उष्णतेच्या चाचणीत मात्र तापमान चढताना नमुन्यावर पाणी धरणे हाच हेतू असतो, तेव्हा हा क्रम तेथे लावू नये. दमट टप्प्यानंतर उणे ४० अंशांकडे जायचे असेल, तर बॉयलरचे आणि वातीच्या भांड्याचे पाणी काढून मधे एक कोरडा टप्पा घालावा. अन्यथा पाणी नळ्यांत गोठून त्या फुटतात आणि कॉइलवर बर्फाचा थर बसतो.

कक्ष ८५ अंशांवरून उणे ४० अंशांवर जातो तेव्हा आतील हवा आकसते आणि दाब समान ठेवण्याच्या झरोक्यातून बाहेरची हवा आत येते. एक घनमीटरच्या कक्षात ती साधारण ४५० लिटर भरते, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत घनमीटरमागे २४ ग्रॅमच्या आसपास बाष्प असल्यामुळे प्रत्येक चक्रात सुमारे १० ग्रॅम पाणी कॉइलवर जाऊन गोठते. दोनशे चक्रांच्या चाचणीत त्याचे सुमारे दोन किलो बर्फ होऊ शकते. किनारपट्टीवरील प्रयोगशाळांनी म्हणूनच कोरड्या हवेचा किंवा नायट्रोजनचा हलका प्रवाह आत सोडण्याची सोय करावी, झरोका आणि दरवाजाचे गॅस्केट नियमित पाहावे आणि वायरींच्या छिद्रातील सिलिकॉनचे बूच घट्ट बसवावे. थंड चालत्या कक्षाचा दरवाजा क्षणभर उघडला तरी त्याहून कितीतरी जास्त पाणी आत येते. आणि ८५ अंश व ८५ टक्क्यांवर चालणारा कक्ष उघडल्यास अंगावर येणारी वाफ हात-तोंड भाजू शकते, हे नव्या कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावे. नमुने रचताना कक्षाच्या आकारमानाच्या साधारण एक तृतीयांशाहून अधिक जागा व्यापू नये आणि पंख्याच्या तोंडाशी सपाट फळीसारखी वस्तू उभी करू नये.

खोलीचा विचार अनेकदा अगदी शेवटी होतो. हवेने थंड होणारा कंडेन्सर कक्षातून काढलेली सगळी उष्णता आणि कॉम्प्रेसरने खर्च केलेली वीज त्याच खोलीत ओततो. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बंद शेडमध्ये उभा केलेला कक्ष एप्रिल-मे महिन्यांत उच्च दाबावर बंद पडतो तो बहुधा याच कारणाने. कंडेन्सरच्या पंखांतील धूळ महिन्यातून एकदा ब्लोअरने काढावी, यंत्राच्या मागे निर्मात्याने सांगितलेली जागा मोकळी ठेवावी आणि गरम हवा बाहेर जाण्याची वाट करावी. विजेच्या बाबतीत, कॉम्प्रेसर अखंड चालवून जादा थंडावा हीटरने मारण्याची जुनी रीत अजूनही अनेक कक्षांत आहे. इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा वेग बदलणारा कॉम्प्रेसर असलेले कक्ष महाग असले, तरी महिनोन्‌महिने एकाच स्थितीत चालणाऱ्या कामासाठी तेच घेणे शहाणपणाचे ठरते.

राहता राहिला प्रश्न प्रशीतकाचा. आर-२३ ची जागतिक तापमानवाढ घडवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४,८०० पट आणि आर-४०४ए ची सुमारे ३,९०० पट धरली जाते. मॉन्ट्रियल करारातील २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून, तिच्यानुसार देशातील अशा हायड्रोफ्लोरोकार्बनांचा वापर २०२८ मध्ये गोठवला जाईल, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटेल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणावा लागेल. आज घेतलेला चांगला कक्ष पंधरा-वीस वर्षे चालतो, म्हणजे त्याचे अर्ध्याहून अधिक आयुष्य या घटत्या पुरवठ्याच्या काळात जाईल. कक्षाची थंडी कमी पडू लागली की गळती न शोधताच गॅस भरून मोकळे होण्याची सवय यापुढे परवडणारी नाही. गळती शोधून ती बंद करावी, फिल्टर-ड्रायर बदलावा, यंत्रणा निर्वात करून मगच नवा गॅस भरावा आणि जुना हवेत न सोडता सिलिंडरमध्ये परत घ्यावा. नवा कक्ष घेणाऱ्यांनी दोन्ही टप्प्यांतील प्रशीतकांची नावे, त्यांचे वजन आणि पर्यायी प्रशीतक भरण्याची शक्यता या तीन गोष्टी खरेदीच्या करारातच लिहून घ्याव्यात.